राहीबाई कदमांची हजेरी

"तुझी सासू ती मालिका बघत नाय गो, शिकतेय ती," असं शकूआत्यांनी मला एप्रिलमध्येच सांगितलं होतं. मी हसले आणि त्यांच्या ताटात आणखी एक चपाती वाढली.

शकूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. वरंधला असतात. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन महाडला झालं तेव्हा त्या भेटायला आल्या आणि दोन दिवस राहिल्या. दोन्ही दिवस त्यांनी आमच्या घरातला आठचा कार्यक्रम बघितला. आठला पाच कमी असताना माझी मुलगी प्रियदर्शिनी आजीला थेंबांची आठवण करायची. मी थेंब घालायचे, काळा चष्मा लागायचा आणि 'हुलकावणी' सुरू व्हायची. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी तीनदा विचारून घेतलं होतं. टीव्ही अर्धा तास चालेल, म्हणाले होते. मालिका बरोबर अर्ध्या तासाची.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जयवंत नावाचा माणूस असतो, कालव्यावरचा पाटकरी. एका इंजिनिअरच्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो. खून त्याने केलेला नसतो. कोर्टात नेताना पोलिसांची गाडी उलटते आणि तो पळतो. तेव्हापासून पळतोच आहे. दर आठवड्याला नवं गाव. तिथे कोणाच्या तरी घरात लपतो, त्या घराचं अडलेलं एखादं काम मार्गी लावतो आणि पोलीस पोचायच्या आत निघून जातो. मागावर असलेला इन्स्पेक्टरही भला माणूस आहे, त्यामुळे बघणाऱ्याला जास्तच घोर लागतो.

खरा खुनी कोण, ह्याचं आमच्या घरात कोणालाच पडलं नव्हतं. आम्ही वाट बघायचो ती एकाच क्षणाची. इन्स्पेक्टर दारात उभा राहून विचारतो, "इकडे कोणी परका माणूस आला होता का?" आणि घरातली बाई, बहुतेक वेळा बाईच, पदराला हात पुसत म्हणते, "नाही बा. इथं कोण येतंय." तेवढ्यावर आई मांडीवर थाप मारायच्या. "हिला म्हणायचं माणूस!" आणि एखादीने सांगून टाकलंच तर, "मेली चोंबडी!" प्रियदर्शिनीने तो शब्द बालवाडीत नेला. मला बाईंनी बोलावून घेतलं होतं.

मलाही मालिका आवडायची, खोटं कशाला बोलू. मी अशी आहे की गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून परत येते. मुलीच्या दप्तरात आमचे दोघांचे नंबर तीन ठिकाणी लिहून ठेवलेत. आणि हा माणूस चार-दोन कपड्यांनिशी हिंडतोय, आणि प्रत्येक गावात अनोळखी लोक त्याला सांभाळून घेतायत. ते बघून मला रात्री झोप बरी लागायची.

आईंचं आवडणं निराळं होतं. ते मला उशिरा कळलं.

आमची मूळ वाडी कातळकोंड. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत अठरा घरं. त्यातली दहा बंदच, माणसं मुंबईला. एकवीस सालच्या पावसानंतर आमची वाडी दरडीच्या धोक्याच्या यादीत गेली. तेव्हापासून दर जूनच्या शेवटी नोटीस येते की पावसाळाभर खालच्या गावातल्या शाळेत राहायला या. दोन वर्गखोल्या, एक व्हरांडा, बाहेर पत्र्याच्या मोऱ्या. वर फक्त गुरं राहतात. रोज पाळीने दोघं-तिघं जातात, चारापाणी करतात आणि तीनच्या आत खाली येतात. रेड अलर्ट असला की कोणीच जायचं नाही. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला हजेरी.

"मी काय गुन्हा केलाय?" आई दर वर्षी विचारायच्या. "माझ्या घरात राहते ह्योच ना?"

यंदा हेच वाक्य जयवंतच्या तोंडी आलं. म्हणजे वाक्य वेगळं होतं, पण आईंनी तेच ऐकलं. काळ्या चष्म्यातून टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "बग. ह्येचं न माजं एकच."

ऑपरेशननंतर मे महिन्यात त्या वाडीला परतल्या आणि जूनच्या शेवटी शाळेत आल्या. आमचं महाडचं भाड्याचं घर चवदार तळ्यापलीकडच्या सखल गल्लीत, तळमजल्यावर. सावित्रीला पाणी चढलं की आधी आमच्या मोरीतून वर येतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुराचा भोंगा वाजला, शाळांना सुट्ट्या पडल्या. माझा नवरा दीपेश एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला. तो म्हणाला, "तू प्रियाला घेऊन आईकडे जा. तिला परवा चक्कर आली म्हणे. बीपीची गोळी घेते का तेही बघ." महाडला पाणी यायची नोटीस, वाडीला डोंगर यायची नोटीस. दोन्ही आमच्याच घरात. मी बॅग भरली.

शाळेत त्रेचाळीस माणसं होती. डिजिटल वर्गाचा मोठा टीव्ही होता, आणि ग्रामसेवक सुहास भाऊसाहेबांनी हेडमास्तरांना विचारून आठ ते साडेआठ तो लावायची परवानगी मिळवली होती. सुहास भाऊसाहेब म्हणजे माझ्याच वयाचा मुलगा, पावसात भिजून भिजून पायाच्या बोटांत चिखल्या झालेला. बाकांवर पोरं, खाली बायका, दाराशी पुरुष. इन्स्पेक्टर दारात उभा राहिला की त्रेचाळीस माणसांचा श्वास अडायचा. बाई "नाही बा" म्हणाली की टाळ्या.

पहिल्याच दिवशी मला कळलं की मालिका काही टीव्हीतच थांबलेली नाही.

संध्याकाळी सहाची हजेरी. भाऊसाहेब वहीतून नावं वाचत होते. "कदम, राहीबाई भागोजी."

"हाय!" गोमाजीतात्या ओरडले. आमच्या वाडीतले सगळ्यात जुने, आईंचे शेजारी. "पाय धुवायला गेलीय."

मला ठाऊक होतं की आई अजून वरून उतरल्या नव्हत्या. त्यांची पाळीही नव्हती. मी तात्यांकडे बघितलं, त्यांनी डोळा मिचकावला. बायका पदराआड हसत होत्या. सव्वासहाला आई मागच्या मोरीकडून, जणू खरंच पाय धुऊन, आत आल्या. प्रियदर्शिनी धावत जाऊन बिलगली.

"आई, अहो तीनच्या आत यायचं असतं," मी म्हटलं.

"चांदी गाभण हाय. दिस भरलेत. तिला सोडून यू?"

"मग भाऊसाहेबांना सांगा ना तसं. ते सोय करतील."

"त्येला सांगितला तर तो म्हणंल, गाय खाली आणा. पोटुशी गाय ह्या निसरड्यातून खाली आणतात? चाकरीचा पोर त्यो, त्येला काय कळतंय." मग माझ्या हातातली गोळी घेऊन, पाण्याशिवाय गिळून म्हणाल्या, "आन् तू चोंबडेपणा करू नको."

तिसऱ्या दिवशी मीच केला. म्हणजे चोंबडेपणाच्या उलट. हजेरीला तात्या पाणी भरायला गेले होते. "कदम, राहीबाई भागोजी." कोणी बोलेना. भाऊसाहेबांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, सूनच ती, तिला विचारायचं.

"आई बाथरूमला गेल्यात," मी म्हटलं.

त्यांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. बस, एवढंच. पण माझ्या पाठीवर कोणीतरी हळूच थाप मारली, आणि रात्री जेवताना माझ्या भाकरीवर न मागता चटणी आली. लग्नाला सात वर्षं झाली तरी वाडीत मी "महाडची" होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणीतरी मला "आपली सेजल" म्हणालं. मला चक्क बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

त्याच रात्रीच्या भागात जयवंत एका बंद घरात लपला. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, वळसा घालून मागच्या दाराने आत शिरला, आतून कडी घातली आणि माळ्यावर जाऊन बसला. इन्स्पेक्टर आला, कुलूप हलवून बघितलं, हाका मारल्या. जयवंतने ओ दिली नाही. इन्स्पेक्टर निघून गेला.

"बंद घर कोण उघडून बगतंय," आई म्हणाल्या. "आमच्या वाडीत तर धा घरं अशी हायत."

सगळे हसले. मीही.

पाचव्या दिवशी रेड अलर्ट आला. पहाटेपासून पाऊस असा कोसळत होता की पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आठच्या हजेरीला भाऊसाहेब छत्री उलटी झालेली तशीच हातात घेऊन आले.

"कदम, राहीबाई भागोजी."

"हाय!" एकदम तीन आवाज आले. एक तात्यांचा, एक खोलीच्या टोकाचा, एक मोरीकडचा. सगळी शाळा खो खो हसली.

"तीन तीन राहीबाई?" भाऊसाहेबही हसले. "एक तरी खरी असू दे रे." आणि त्यांनी खूण केली.

मला वाटलं, आई मागे भाकऱ्या थापायला बसल्या असतील. पहाटे मी उठले तेव्हा त्यांचं अंथरूण गुंडाळलेलं होतं, पण ते रोजच असायचं. प्रियदर्शिनीला खोकला होता. मी तिला वाफ दिली, दोनदा ताप बघितला, दीपेशला फोन लावत बसले. लागेना. अकरा वाजता गोळी द्यायला मागे गेले तर चुलीपाशी पाच बायका. आई नाहीत.

"आई कुठायत?"

"असतील तिकडं," एक म्हणाली.

"तिकडं कुठे?"

"अगो, असतील की." आणि पाचही जणी एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसू मी ओळखलं. दोन दिवसांपूर्वी ते माझ्याही तोंडावर होतं.

मी तात्यांकडे गेले. ते व्हरांड्यात पावसाकडे बघत बसले होते. "तात्या, आई वर गेल्यात का?"

"तुला म्हायती असंल की. तुजी सासू."

"मला माहीत नाही. खरंच नाही."

तात्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग बघणं बंद केलं. "मग मला पण नाय."

मी दोन्ही वर्गखोल्या बघितल्या, मोऱ्या बघितल्या, शाळेमागची लाकडांची पडवी बघितली. प्रत्येकाला विचारलं. कोणी चिडलं नाही, कोणी दटावलं नाही, सगळे गोडच बोलले. त्रेचाळीस माणसांत आई नव्हत्या आणि वहीत होत्या.

प्रियदर्शिनी बाकावर बसून चित्र रंगवत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"आजी कुठे गेली, राणी?"

तिने ओठ आत घेतले आणि चेन लावल्यासारखी बोटं फिरवली.

"प्रिया. मम्मा विचारतेय."

"सांगणारे वाईट असतात."

साडेपाच वर्षांची आहे ती. हे तिला कोणी शिकवलं, ह्याची यादी माझ्यापासूनच सुरू होते. मी ओरडले असते तर ती आणखी गप्प झाली असती. म्हणून मी म्हटलं, "मी कोणालाच सांगणार नाही. आई शप्पथ. फक्त मला सांग."

तिने माझा चेहरा नीट तपासला. मग कानाशी येऊन कुजबुजली. "आजी घरी लपलीये. चांदीला बाळ होणारे. मला टाटा करून गेली. काळोख होता तेव्हा."

मी उठले आणि सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेले. भाऊसाहेब फोनवर होते. मी त्यांचा फोन संपायची वाट बघितली नाही. "आई वर आहेत. पहाटेपासून. हजेरी खोटी होती. आजची पण, आणि बुधवारची मी दिली होती."

त्यांनी फोन कानावरून खाली घेतला. "वहिनी, सकाळचा आकडा मी तालुक्याला कळवला. त्रेचाळीस. माझ्या सहीनं."

दाराशी काहीतरी हललं. प्रियदर्शिनी माझ्यामागे आली होती. तिच्या हातात हिरवा खडू होता. तिने सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर फार वेगाने झालं. भाऊसाहेब, आपत्तीच्या पथकातले दोघं आणि वाट दाखवायला गोमाजीतात्या, असे चौघं दोरी घेऊन वर निघाले. एरवी पाऊण तासाची चढण. मी व्हरांड्यात घड्याळ बघत उभी राहिले. बायका चुलीपाशीच होत्या, पण आता हसत नव्हत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन आला. वाडीत फक्त देवळाच्या पायरीवर रेंज मिळते.

"वहिनी, घराला कुलूप आहे," भाऊसाहेब पावसावरून ओरडून बोलत होते. "हाका मारल्या, कोणी नाही. गोठ्यात गाय आहे, माणूस नाही. वहाळाचं पाणी मातीनं लाल झालंय आणि वरून दगड येतायत. मला माणसं खाली न्यायला हवीत. त्या दुसरीकडे कुठे गेल्या असतील का?"

"मागचं दार बघितलं?"

"आतून कडी आहे. बंद घराला असतेच ना."

"भाऊसाहेब, त्या आत आहेत."

"अहो, हाका मारल्या. चारदा."

"त्या ओ देणार नाहीत. माळ्यावर आहेत. मालिकेत…" मी मालिका सांगत बसले नाही. "तात्यांना फोन द्या."

थोडी खरखर झाली. मग तात्यांचा आवाज. "बोल गो."

"तात्या, आई आत आहेत ना?"

पाऊस ऐकू येत होता.

"तात्या, मला प्रियाने सांगितलंय. आता तुमचा शब्द राहिला नाही. मी मोडलाय तो. तुम्हाला कोणी बोल लावणार नाही, मला लावतील."

"मी तिला जबान दिलीय," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "सेजल, मी हितं दारात उभा ऱ्हाऊन 'नाय हाय' म्हनलो."

"मग आता काही म्हणू नका. फक्त बाजूला व्हा. भाऊसाहेब, दार मोडा. माझं घर आहे, मी सांगते."

फोन तुटला. पुढचं मला भाऊसाहेबांनी नंतर सांगितलं. मागच्या दाराची फळी दोन लाथांत निघाली. आई माळ्यावर भाताच्या कणगीमागे बसल्या होत्या. पाय पोटाशी घेतलेले, डोक्यावर गोणपाट, डोळे उघडे. माणसं बघून ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. उठताना गुडघा धरला, भाऊसाहेबांकडे हात पुढे केला आणि म्हणाल्या, "चला. घावले."

मग अंगणात आल्यावर गोठ्याकडे वळल्या. "चांदी आडलीय. सकाळपास्नं कळा देतेय. मला तासभर द्या." भाऊसाहेबांनी वर बघितलं, वहाळाकडे बघितलं आणि नाही म्हणाले. आई चालायला तयार होईनात. शेवटी पथकातल्या एकाने त्यांना पाठीवर घेतलं. तात्यांनी गोठ्याचं दार मोकळं करून दावं कापलं, तेवढंच. तीनला दहा कमी असताना सगळे शाळेत पोचले.

आणि डोंगर आला नाही.

त्या दिवशी नाही, त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वहाळाचं पाणी निवळलं. देवळावरच्या बाजूला जमिनीत चिरा गेल्यात, बोट जाईल एवढ्या. त्या मी फोटोत बघितल्या. पण घर जसंच्या तसं उभं आहे, मागच्या दाराची फळी सोडून. तिसऱ्या दिवशी अलर्ट उतरल्यावर पाळीची माणसं वर गेली. चांदी गोठ्याच्या दारातच उभी होती. वासरू तिच्या पायाशी मेलेलं. आडवं आलं होतं. आई जवळ असत्या तर हात घालून वळवलं असतं. त्यांनी आजवर अशी किती वासरं वळवली ते वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे.

मला काय करायला हवं होतं, हा प्रश्न मला पडत नाही. पुन्हा तेच करीन. पण डोंगर आला असता तर मी सासूला वाचवणारी सून झाले असते. तो आला नाही, म्हणून मी वासरू मारणारी झाले. ह्यात डोंगराचा काही दोष नाही.

वासरू सापडलं त्या संध्याकाळी आठ वाजता टीव्ही लागला. मी प्रियाला घेऊन नेहमीच्या जागी बसायला गेले तर तिथे चटई पसरलेली होती, आणि चटईवरची बाई सरकली नाही. प्रिया माझा हात सोडून आजीला खेटून जाऊन बसली. मी दाराशी उभी राहून बघितलं. इन्स्पेक्टर आला, त्याने विचारलं, आणि एका दुकानदारणीने बोट दाखवून जयवंत कुठे आहे ते सांगून टाकलं. वर्गात कोणी "चोंबडी" म्हणालं नाही. आईंनी मांडीवर हात नुसता ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला. "आई, मला तुम्ही हव्या होतात. मी दुसरं काही बघितलं नाही."

त्या तांदूळ निवडत होत्या. खडा उचलून बाजूला टाकला. प्रियाला म्हणाल्या, "तुज्या मम्मीला सांग, गोळी घेतली मी."

महाडचं पाणी उतरलं, शाळा सुरू झाल्या आणि आम्ही परत आलो. दीपेशने घर धुऊन ठेवलं होतं. तो माझ्या बाजूने आहे. म्हणतो, "तू बरोबरच केलंस, पण तिला थोडे दिवस जाऊ दे." तो फोन करतो तेव्हा आई त्याच्याशी बोलतात. हवामान, पोटापाण्याचं, प्रियाचा खोकला. वर जातेस का, असं विचारलं की म्हणतात, "नाय रे. हितंच हाय." त्याला पटतं. मला पटत नाही.

शकूआत्या म्हणाल्या, "मी विचारते." त्यांनी विचारलं. त्यांनाही तेच उत्तर. मग मी एकेकाला फोन लावले. गोमाजीतात्यांना, चुलीपाशी बसणाऱ्या त्या पाच जणींना, शाळेसमोरच्या दुकानाला. सगळे बोलले, सगळ्यांनी प्रियाची चौकशी केली. आणि आई कशा आहेत म्हटल्यावर प्रत्येकाने शब्दाला शब्द तेच सांगितलं. "हाय की. बरी हाय. हितंच बसलीय." मग फोन द्या म्हटलं की, "आत्ताच पाय धुवायला गेली."

कोणी मुद्दाम वाईट वागत नाही. मी सांगणारी आहे, म्हणून मला सांगत नाहीत. माझी मुलगीसुद्धा. परवा रात्री ती आजीशी फोनवर बोलत होती. मी खोलीत आले तशी गप्प झाली. काय म्हणाली आजी, विचारलं. "काही नाही," म्हणाली आणि पाठ करून झोपली. मी तासभर तिच्या पाठीकडे बघत होते.

सुहास भाऊसाहेबांकडून वरच्यांनी त्या आकड्याचा खुलासा मागितला आणि त्यांना दुसऱ्या गावाला दिलं. त्यांच्या जागी नवे आलेत. फोनवर सज्जन वाटले. म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका, दोन्ही वेळची हजेरी पूर्ण आहे." त्यांना अजून कोणाचा चेहरा माहीत नाही. वहीत नाव आहे आणि नावाला ओ आहे, एवढं त्यांना पुरतं.

उद्या पुन्हा रेड अलर्ट आहे. महाडलाही भोंगा वाजेल, म्हणून दीपेशला कंपनीतून सोडत नाहीत आणि पोलादपूरकडच्या रिक्षासुद्धा आजच बंद झाल्यात. प्रियाला ताप आहे, शंभर पॉइंट चार. तिला टाकून मी जाऊ शकत नाही आणि घेऊनही जाऊ शकत नाही.

तुम्ही हे वाचताय आणि पोलादपूरच्या बाजूला असाल, तर एवढं करा. महाबळेश्वरच्या रस्त्याला लागल्यावर तिसऱ्या पुलाच्या अलीकडे डाव्या हाताला शाळा आहे, निळ्या पत्र्याची. आत जा. राहीबाई कुठे आहेत असं कोणाला विचारू नका, सगळे आहेत म्हणून सांगतील. स्वतः बघा. बारीक चणीची बाई आहे, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण, डोळ्यांवर नवा चष्मा, चालताना डावा गुडघा धरते. ती तुमच्याशी बोलली नाही तरी चालेल. फक्त ती तिथे बसलेली तुमच्या डोळ्यांनी दिसली का, तेवढं मला उद्या सहाच्या आत कळवा.